नववीत नापास कोण झालं?



एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. आमच्या वस्तीत निळ्या पताका लागल्यात, विहाराला रंग देऊन झालाय, मिरवणुकीच्या साउंडची बोलणी झालीत आणि वर्गणीचा हिशोब अजून जुळत नाहीये. याच विहारात संध्याकाळी सहा ते नऊ आम्ही अभ्यासिका चालवतो. सध्या तिथं आठवी-नववीची पोरं जास्त दिसतात, कारण त्यांची वार्षिक परीक्षा आहे. २०२५ मध्ये तर पहिली ते नववीसाठी राज्यभर ८ ते २५ एप्रिल असं एकच वेळापत्रक लागलं होतं. म्हणजे भीमजयंती बरोबर परीक्षेच्या मध्यावर. त्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "ताई, माझा गणिताचा पेपर आहे. चौदाला रात्री साउंड किती वाजता बंद होणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि लेखाच्या शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे. त्याआधी दुसरी एक गोष्ट सांगते.

त्याच अभ्यासिकेत एक मुलगा यायचा. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. नववीचा निकाल लागला तेव्हा शाळेनं आईला बोलावून घेतलं. "पोरगं दहावीत टिकणार नाही. शाळेचा निकाल खाली येईल. दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवा," असं सांगितलं. आईनं घरी येऊन पोराला दोन थपडा दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बापाबरोबर कामावर पाठवायचं ठरवलं. तिच्या दृष्टीनं गोष्ट सरळ होती. पोरगं नापास झालं.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. नापास नेमकं कोण झालं? या प्रश्नाचं उत्तर त्या पोराच्या प्रगतिपुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

तत्त्वतः न्याय्य, पण...

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. नाकारला गेला. त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्या मुलाचं म्हणणं तत्त्वतः न्याय्य आहे, हे सरकारनं मान्य केलं. पण एका मुलाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, शेकडो वर्षांचे समज एका फटक्यात मोडता येत नाहीत, असं कारण देऊन दार बंदच ठेवलं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं निवेदन देताना बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम मांडलं. कारण सरकारचा खरा स्वभाव त्यात दिसत होता. हक्क कागदावर मान्य करायचा आणि व्यवहारात बहुसंख्यांच्या सोयीनं वागायचं.

हे दार हळूहळू किलकिलं झालं. मग पुढचा प्रश्न आला. आत गेलेल्या मुलाचं काय होतं? इथं परीक्षा येते.

१८६० च्या दशकात इंग्लंडमधून एक पद्धत आपल्याकडे आली. खासगी शाळांना सरकारी अनुदान निकालावर द्यायचं. सरकारी तपासनीस येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि जितकी मुलं पास तितका पैसा. ऐकायला किती सरळ वाटतं! काम करा, पैसे घ्या. पण शाळा चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरी पाटी-पुस्तक असलेलं, बापानं आधीच अक्षरओळख करून दिलेलं मूल म्हणजे हमखास पैसा. सुगीच्या दिवसांत गैरहजर राहणारं, घरात कुणीच न शिकलेलं मूल म्हणजे तोटा. मग कोणता मास्तर महारवाड्यात आणि मांगवाड्यात शाळा काढेल?

हाच आक्षेप जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं घेतला. ज्या समाजात अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही, तिथं निकालावर पैसे देण्याची पद्धत चालणार नाही, कारण त्यावर कुणा शिक्षकाचं पोट भरणार नाही, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. शिष्यवृत्त्यांबद्दलही ते तेच बोलले. स्पर्धेनं शिष्यवृत्ती देणं तत्त्वतः न्याय्य दिसत असलं तरी त्यामुळं इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती.

धारवाडच्या मुलाबद्दल सरकार म्हणालं, तत्त्वतः बरोबर, पण व्यवहारात जमणार नाही. स्पर्धेबद्दल जोतीराव म्हणाले, तत्त्वतः बरोबर, पण व्यवहारात अन्याय होतो. एका बाजूला तत्त्व मान्य करून दार लावणारे आणि दुसऱ्या बाजूला त्या तत्त्वाच्या आड काय चाललंय ते उघडं करणारे. सतरा नंबरचा फॉर्म हातात देणारी शाळा यातल्या कोणत्या बाजूला आहे, ते तुम्हीच ठरवा.

चौदा वर्षांची मुलगी

शाळेत कमी पडणारी पोरं मुळात 'कमी डोक्याची' असतात, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक नाव सांगते. मुक्ता साळवे. मातंग समाजातली, जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. वय साधारण चौदा. म्हणजे आजच्या हिशेबानं आठवी-नववीतली मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. ज्या धर्मग्रंथांना हात लावायची आम्हाला मनाई आहे, तो धर्म आमचा कसा, असा थेट सवाल या मुलीनं त्यात केला.

तिच्या घरात शिक्षणाची कुठलीही परंपरा नव्हती. जेमतेम तीन वर्षांचं शालेय शिक्षण झालं होतं. मग हे कुठून आलं? शिकवणारे शिक्षक तिच्यावर विश्वास ठेवणारे होते, तिला तिच्या जगण्याबद्दल लिहायला सांगणारे होते. तिला निकालाच्या टक्केवारीत बसवण्याची घाई त्यांना नव्हती. मूल तेच असतं. शाळा बदलली की मूल बदलतं.

साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी

आता बाबासाहेबांकडे येऊ. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतणार, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणीच नाही. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये फळ्यापाशी जायची पाळी आली तेव्हा वर्गातल्या मुलांनी गलका केला, कारण त्यांचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. संस्कृत शिकायची इच्छा होती, ते नाकारलं गेलं, म्हणून फारसी घ्यावी लागली. हे सगळं आपल्याला पाठ आहे. जयंतीच्या भाषणात आपण ते दरवर्षी सांगतो.

पण एक आकडा आपण सहसा सांगत नाही. १९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा. ३८ सुद्धा भरत नाही.

हा आकडा लपवायची आपल्याला गरज वाटते, कारण गुणपत्रिकेलाच गुणवत्ता मानणारी दृष्टी आपल्याही अंगात भिनली आहे. मला तर हा आकडा अभिमानानं सांगावासा वाटतो. परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्याच खोलीत चूल, तिथंच सगळ्यांचं झोपणं. उशाला जातं आणि पायथ्याशी बकरी. रामजीबाबा रात्री दोन वाजेपर्यंत स्वतः जागे राहायचे आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे, कारण त्याच वेळी त्या खोलीत शांतता असायची. पुस्तकांसाठी पैसे नसले की बाप लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणायचा आणि गहाण टाकायचा. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजींनी हेरलं, पुस्तकं दिली. मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, तिथं गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. पुढं त्यांच्याच शब्दावर सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली.

जागणारा बाप, दागिने देणाऱ्या बहिणी, बागेत भेटलेला शिक्षक आणि वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती. ते २८२ गुण एकट्याचे नव्हते. आणि त्या गुणपत्रिकेवरून या मुलाचं भविष्य ठरवलं असतं तर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कुणीच गेलं नसतं. आज एखाद्या मुख्याध्यापकानं ती गुणपत्रिका नाव झाकून बघितली तर काय म्हणेल? "सतरा नंबरचा फॉर्म भरा."

शंभरातले अठरा

बाबासाहेब स्वतः या प्रश्नाकडे कसं बघत होते? १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी एक हिशोब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत घातलेलं मूल टिकलं नाही तर त्याच्यावर केलेला खर्चही वाया जातो, असं त्यांनी सरकारला सुनावलं. त्या ८२ मुलांना ते नापास म्हणाले नाहीत. जबाबदारी त्यांनी सरकारवर टाकली.

आणि फक्त भाषण करून ते थांबले नाहीत. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झालं. का? कारण गळती नेमकी कुठं होते ते त्यांना ठाऊक होतं. गावातली शाळा संपली की शहरात राहायला जागा नाही, जेवायची सोय नाही. मुलाचं डोकं कमी पडत नव्हतं, छप्पर कमी पडत होतं. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवली. आपल्या महापुरुषांची पद्धत ही अशी. आधी रस्त्यातला दगड शोधायचा, मग तो उचलायचा.

"पण ढकलगाडीनं पोरं बिघडली!"

आता एक आक्षेप येणार आणि तो आपल्याच लोकांकडून येणार. माझे आजोबा सातवी फायनल पास होते. त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मोठी गोष्ट. तिच्या जोरावर शिक्षकाची, तलाठ्याची नोकरी मिळायची. आपल्या कितीतरी घरांत पहिला पगार त्या एका सर्टिफिकेटवर आला. आजोबा म्हणायचे, पेपर तपासणारा माझी जात बघत नव्हता, नंबर बघत होता. वर्गात शेवटी बसवलेल्या माणसाला उत्तरपत्रिकेवर बाकीच्यांच्या बरोबरीची जागा मिळाली होती. म्हणून परीक्षा रद्द करा, असं मी कधी म्हणणार नाही. परीक्षा आपल्यासाठी शिडीही होती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमानं आठवीपर्यंत नापास करायला बंदी केली. आमच्या वस्तीतल्या बहुतेक आयाबाया यावर नाराज होत्या. "पास पास म्हणून ढकलत नेलं, नववीत गेल्यावर कळलं की पोराला धड वाचता येत नाही," असं त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मीही अशी मुलं रोज बघते.

पण कायद्यात एवढंच नव्हतं. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होतं. वर्षभर मुलाला काय येतं, काय येत नाही ते बघायचं आणि जे येत नाही ते त्याच वेळी शिकवायचं. पुरेसे शिक्षक द्यायचे. प्रत्यक्षात काय झालं? 'आकारिक' आणि 'संकलित' असे रकाने आले, वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि त्यातली वाक्यं प्रगतिपुस्तकात उतरवली गेली. नापास न करण्याचा अर्धा कायदा राबवला, शिकवण्याचा अर्धा सोडून दिला. डॉक्टरनं औषध न देता फक्त 'बरा आहे' असं लिहावं, तसं.

मग २०१९ मध्ये संसदेनं कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे ठरवायची मोकळीक राज्यांना. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून ही पद्धत सुरू झाली. परीक्षा आणि फेरपरीक्षा यांच्या मधल्या काळात मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, असंही कायद्यात आहे. पण ते मे महिन्यात, सुट्टीत. तुमच्या ओळखीच्या शाळेत ते किती दिवस झालं, कुणी घेतलं, जरा चौकशी करा.

आता ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल डोळ्यासमोर आणा. दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर फडावर जातं, कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतं. हंगामी वसतिगृह मिळालं तर ठीक, नाही तर चार-पाच महिने शाळा नाही. परत येतं ते थेट परीक्षेला. त्याच्या पेपरात कमी गुण पडले तर आपण नेमकं काय मोजलं? त्याची बुद्धी, की त्याच्या बापानं मुकादमाकडून घेतलेली उचल?

नववी नावाचा सापळा

आठवीपर्यंत निदान कायदा आहे. शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत ते संरक्षण संपतं. आणि दहावीचा निकाल शाळेच्या फलकावर लागतो, पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावर येतात. शंभर टक्के निकाल लावायचे दोन मार्ग आहेत. एक, सगळ्या मुलांना शिकवायचं. दुसरा, न येणाऱ्या मुलांना नववीतच बाजूला करायचं. दुसऱ्या मार्गाला कष्ट लागत नाहीत.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट आहे असं मी म्हणत नाही. लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या बाईसाठी, कामाला लागलेल्या तरुणासाठी ती मोठी सोय आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या, शाळेत यायला तयार असलेल्या मुलाच्या हातात तो फॉर्म देणं म्हणजे सोयीच्या नावाखाली हकालपट्टी. जोतीरावांनी १८८२ मध्ये ज्याच्यावर बोट ठेवलं, तेच हे. निकालावर शाळेची किंमत ठरली की शाळा मुलं निवडायला लागते, आणि निवडताना आपली पोरं कोणत्या ढिगात पडतात ते सांगायला नको.

आपण काय करणार?

व्यवस्थेला शिव्या देऊन लेख संपवणं सोपं आहे. पण मी कार्यकर्ती आहे आणि वाचणारे तुम्हीही कार्यकर्ते आहात. म्हणून चार कामं सांगते.

पहिलं, निकालाच्या दिवशी आईला एकटीला शाळेत पाठवू नका. वस्तीतल्या शिकलेल्या एका पोरानं किंवा पोरीनं सोबत जावं. दाखला काढायला सांगितलं तर कारण लेखी मागावं. लेखी मागितलं की अर्ध्या गोष्टी तिथंच मिटतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. अनुदानित खासगी शाळांत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे, पण जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत तिला खरे अधिकार आहेत. आपण ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी जिवाचं रान करतो आणि या समितीच्या बैठकीला फिरकतही नाही.

तिसरं, मे महिना. फेरपरीक्षेचं मार्गदर्शन शाळेनं घेतलं पाहिजे, त्यासाठी भांडू. पण तोवर विहाराचं कुलूप तरी आपल्याच हातात आहे ना? गणित आणि इंग्रजीसाठी दोन पदवीधर, दोन तास, तीस दिवस. एवढं प्रत्येक वस्तीला जमतं.

चौथं काम सगळ्यात अवघड, कारण ते आपल्या घरातलं आहे. त्या मुलीचा प्रश्न आठवतो? साउंड किती वाजता बंद होणार? आपल्याकडे जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्याचे फोटो आपण अभिमानानं टाकतो. आणि त्याच आठवड्यात, दुसऱ्या दिवशी पेपर असलेल्या आपल्याच पोरींच्या खिडकीखाली भिंती हादरवतो. एका खोलीत शांतता मिळावी म्हणून रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागले. आपण त्यांच्या मुलाच्या नावानं रात्री दोनपर्यंत जागतो ते कशासाठी?

जयंती जोरात करा. मी स्वतः मिरवणुकीत नाचते आणि नाचणार आहे. बाकीच्यांच्या मिरवणुकांचे आवाज वर्षभर चालतात आणि बोट मात्र आपल्याकडेच दाखवलं जातं, हेही मला कळतं. पण परीक्षा चालू असेल त्या वर्षी साउंड दहाला बंद झाला तर बाबासाहेबांचा मान कमी होणार नाही. हा निर्णय पोलिसांनी सांगायच्या आधी आपण घ्यायचा.

तो नववीतला मुलगा? आम्ही चार जण त्याच्या आईबरोबर शाळेत गेलो. 'तुमचं म्हणणं लेखी द्या' एवढंच म्हणालो. लेखी काही मिळालं नाही. मुलगा दहावीत बसला. मेपासून पुढचं वर्षभर तो रोज सहा ते नऊ विहारात यायचा. दहावीला त्याला ४१ टक्के पडले. आईनं पेढे वाटले. एक शेजारी हळूच म्हणाले, "एवढ्याशा मार्कांना पेढे?"

मी त्यांना म्हटलं, काका, बाबासाहेबांपेक्षा तीन टक्के जास्तच आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!